चार बोटं खाली

व्यायाम सोपा होता. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताची दोन बोटं भिंतीला टेकवायची आणि मुंगी चढते तशी ती वर न्यायची. ओढ असह्य झाली की थांबायचं, दहा आकडे मोजायचे, तिथे पेन्सिलीने खूण करून तारीख लिहायची. दुसऱ्या दिवशी त्या खुणेच्या वर जायचं. दवाखान्यातल्या व्यायामताईंनी हे एका कागदावर काड्यांचा माणूस काढून समजावलं होतं. त्या माणसाला चेहरा नव्हता, पण त्याचा हात सरळ आभाळाकडे गेलेला होता.

माझाही हात तसा जाणं भाग होतं. छातीला रेडिएशन देताना हात डोक्याच्या वर नेऊन पंधरा-वीस मिनिटं न हलवता ठेवावा लागतो. सोमवारी त्याची मापं घ्यायला बोलावलं होतं. ऑपरेशनला नऊ आठवडे होऊन गेले होते आणि डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं की आता याहून उशीर चालणार नाही. हात गेला तर उपचार सुरू, नाही गेला तर थांबायचं. थांबणं म्हणजे काय असतं ते आमच्या घराने एकदा पाहिलं होतं.

आई जाऊन चौदा महिने झाले होते. तिचाही आजार हाच, बाजूही हीच, डावी.

ती कपडे शिवायची. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, कोणाची पँट आखूड कर, कोणाचा कोट सैल कर. तिचं मशीन याच खोलीत होतं, खिडकी आणि कपाटाच्या मधल्या, मी आता व्यायाम करते त्याच भिंतीशी. ती डावखुरी होती, त्यामुळे तिची कात्री दुसऱ्या कोणाला चालायची नाही आणि तिच्या खुणाही वेगळ्या दिसायच्या. निळ्या खडूची आडवी रेघ आणि रेघेच्या टोकाला एक छोटी तिरकी काडी. काडी असली तर इथे कापायचं नाही, शिवणीसाठी जागा सोडलेली आहे. बाकीचे शिंपी ही काडी उजवीकडे झुकवतात. आईची डावीकडे झुकायची.

ती गेल्यावर मावशीने मशीन, कात्र्या, बॉबिनी, खडूंचा डबा, सगळं पलीकडच्या गल्लीतल्या शिवणवालीला देऊन टाकलं आणि भिंतीला पांढरा रंग लावून घेतला. मावशी आईची धाकटी बहीण. आईच्या आजारपणात आली ती माझ्या आजारपणापर्यंत राहिली. "मी काय, तुमच्या घरची बदली कामगार," असं ती म्हणते.

आता सांगायला हरकत नाही. मी खोट्या खुणा करत होते.

सुरुवातीचे दहा दिवस खऱ्या होत्या. रोज एखाद बोट वर. मग हात खांद्याच्या थोडा वर जाऊन अडला. काखेपासून कोपरापर्यंत आतून कोणीतरी दोरा ओढून धरल्यासारखं व्हायचं आणि डोळ्यांपुढे अंधारी यायची. संध्याकाळी मावशी चष्मा लावून भिंतीपाशी यायची, तारखा वाचायची आणि तिचा चेहरा उजळायचा. "शाब्बास गं टाचणी. उद्या छताची जळमटं काढशील." टाचणी हे आईने ठेवलेलं नाव; मी लहानपणी तितकी किडकिडीत होते. तर अकराव्या दिवशी मी टाचा उचलल्या. बाराव्या दिवशी खांदा तिरका केला. तेराव्या दिवशी बोटं जिथे होती तिथेच राहिली आणि उजव्या हाताने मी पेन्सिल चार बोटं वर टेकवली. व्यायामताई फोनवर विचारायच्या, "कुठवर आलं?" मी खुणेची उंची सांगायची. "मस्त चाललंय," त्या म्हणायच्या, "मग इकडे यायची गरज नाही. चालू ठेवा." सोमवारपर्यंत येईलच की वर, असं मी स्वतःला सांगत होते. मी वाचनालयात नोकरी करते. स्वतःला गोष्टी सांगायची सवय तिथे लागते.

निळी रेघ पहिल्यांदा दिसली त्या दिवशी लख्ख ऊन होतं. सकाळचे अकरा वाजले होते, मावशी स्वयंपाकघरात रेडिओवरच्या कोणाशी तरी वाद घालत होती. मी भिंतीपाशी गेले आणि माझ्या कालच्या पेन्सिलीच्या खुणेखाली, चार बोटांवर, खडूची आडवी रेघ होती. टोकाला तिरकी काडी.

मला वाटलं, जुनी असेल. नव्या रंगातून वर आली असेल. पण बोट फिरवलं तर बोटाला भुकटी लागली.

मी ओल्या फडक्याने ती पुसली. फडक्यावर निळा डाग पडला, भिंत स्वच्छ झाली. त्या दिवशी मी पेन्सिलीची खूण आणखी एक बोट वर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेघ परत तिथेच होती. आता माझ्या खुणेपासून पाच बोटं खाली.

"मावशी, खडू काढलास का कुठून?"

"कसला खडू?"

"आईचा. निळा."

"तो डबा तर मी शिवणवालीला दिला. तुझ्यासमोर दिला. तू पुस्तकात डोकं घालून बसली होतीस, पण होतीस." तिने दारातूनच माझ्याकडे पाहिलं. "का? काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणताना चेहरा असा पांढराफटक का पडतो तुझा? रक्त कमी झालंय. दूध पी."

मी दूध प्यायले. चार दिवस मी रेघ पुसत होते आणि ती उगवत होती. माझ्या खुणा वर वर चालल्या होत्या. ती जागची हलत नव्हती. रात्री दार बंद करून, आतून खिट्टी लावून झोपले त्या दिवशीही सकाळी ती होती, रोजच्यापेक्षा जरा ठळक. खडू दोनदा फिरवल्यासारखी.

भीती वाटत होती का? वाटत होती, पण वेगळी. शाळेतली वही बाई तपासायला नेतात आणि ती परत येईपर्यंत जी वाटते, तशी.

बुधवारी मी वाचनालयात गेले. रजेच्या अर्जावर सही हवी होती. बाहेर पडताना कुडत्याच्या आत, ऑपरेशनने रिकाम्या झालेल्या बाजूला, आईनेच स्वतःसाठी शिवलेली छोटी गोल उशी घातली. बाजारातली उशी हलकी असते, वर सरकते. आईने आत बारीक धान्य भरलं होतं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून दुसऱ्या बाजूइतकं केलं होतं. माझ्या मापाला ती थोडी जड पडते. उन्हात चालताना मात्र मला दर वेळी वाटतं की ती उशी माझ्याआधी गरम होते.

आमचे ग्रंथपाल, ज्यांना आम्ही पाठीमागे 'शांतता राखा' म्हणतो, सही करताना म्हणाले, "तुमच्याशिवाय इथे कोणी पुस्तकं जागेवर ठेवत नाही. परवा मला पाककलेत भूगोल सापडला."

"चव कशी होती?"

ते हसले आणि घाईघाईने कागदात बघू लागले. माझ्या छातीकडे बघायचं नाही हे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यामुळे ते कायम माझ्या कपाळाशी बोलत.

जाताना एक पुस्तक उलटं ठेवलेलं दिसलं. माझ्या मांडणीतलं, पाचव्या फळीवर. मी डावा हात वर केला. हात तिसऱ्या फळीपर्यंत गेला आणि थांबला. तिथे पेन्सिल नव्हती, मावशी नव्हती. मी फळीच्या कडेला बोटं टेकवून उभी राहिले. दमले होते म्हणून नाही. ती उंची ओळखीची होती म्हणून.

घरी आले, चपला काढल्या, सरळ भिंतीपाशी गेले. टाचा जमिनीवर घट्ट रोवल्या, खांदा सरळ ठेवला, डोळे मिटले. बोटं चढू लागली. दोरा ओढला गेला, दात आपोआप आवळले, अंधारी आली, मी थांबले. दहा आकडे मोजून डोळे उघडले.

माझ्या बोटांची टोकं निळ्या रेघेवर होती. केसभर वर नाही, केसभर खाली नाही.

मागे मावशी उभी होती. हातात घडी केलेले टॉवेल. ती माझ्या बोटांकडे बघत होती, मग वरच्या पेन्सिलीच्या खुणांकडे, मग परत बोटांकडे. टॉवेल तिने पलंगावर ठेवले आणि स्वतः शेजारी बसली.

"म्हणजे तूही," ती म्हणाली.

"तूही म्हणजे?"

ती टॉवेलच्या कडा जुळवू लागली. "तुझ्या आईच्या खुणा आठवतात? रोज संध्याकाळी तू बघायचीस."

आठवत होत्या. मी कामावरून यायची, पिशवीसुद्धा न ठेवता या खोलीत यायची आणि याच भिंतीवरची तिच्या व्यायामाची नवी रेघ बघायची. सरळ शिडीसारख्या वर गेलेल्या रेघा, प्रत्येकीला डावीकडे झुकलेली काडी. आजारी हातातच खडू धरून ती रेघ मारते, असं ती म्हणायची. मी टाळ्या वाजवायची. आणि मापं घ्यायच्या दिवशी दवाखान्यात तिचा हात खांद्याच्या वर गेला नाही. तीन आठवडे पुढे ढकललं. परत गेला नाही. परत ढकललं. तिसऱ्या वेळी ताप आला, आणि त्यानंतर आजार यकृतात पोचल्याचं कळलं. उशिरामुळे झालं का, हे सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि मला वाटतं ते खरंच बोलत होते. पण दवाखान्यातून परत येताना गाडीत मी आईला म्हटलं होतं, "शेवटच्या आठवड्यात आळस केलास ना तू? इतका छान जात होता हात." आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हो गं. आळसच केला."

"सहा-सात रेघा खऱ्या होत्या," मावशी म्हणाली. "पुढच्या तिने उजव्या हाताने मारल्या. काडी मुद्दाम डावीकडे झुकवून. उजवा पुरेना तेव्हा मी स्टूल धरायची, ती चढायची. मी म्हटलं, ताई, लेकीला सांग. तर म्हणे, ती नोकरी सोडून घरी बसेल. म्हणे, ती खोलीत येते तेव्हाचा तिचा चेहरा बघितलास का? तेवढाच तर दिवसभरात... मी स्टूल धरलं. मला काय कळत होतं? मला वाटलं, हात आज ना उद्या जाईलच वर."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी भिंतीला टेकून उभी होते.

"मावशी, ही खालची रेघ तू मारतेस?"

तिने चष्मा लावला. उठून जवळ आली. पेन्सिलीच्या खुणा तिने आधीही रोज पाहिल्या होत्या. खडूची रेघ मी संध्याकाळपर्यंत पुसून टाकायची, त्यामुळे ती तिच्या नजरेला कधीच पडली नव्हती. तिने बोट पुढे केलं आणि रेघेला न लावता मागे घेतलं.

"माझं अक्षर तुला माहीत आहे," ती हळू म्हणाली. "मला सरळ रेघ कधी आली का?"

मग अगदी रोजच्या आवाजात, पण माझ्याकडे न बघता, "ताई, कळलं गं. कळलं. आता पुरे कर, पोरगी घाबरते," असं भिंतीला म्हणाली आणि टॉवेल कपाटात ठेवायला निघून गेली.

मी त्या दुपारी व्यायामताईंना फोन केला. त्यांनी गुरुवारी सकाळीच बोलावलं.

"तुम्ही फोनवर सांगितलेलं मी वहीत लिहिलंय, त्याप्रमाणे तर तुम्ही छताला पोचलात," त्या म्हणाल्या.

"वही खोटी आहे."

त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. मला आडवं केलं, हात बाजूला पसरला, काखेत बोटं फिरवली आणि एका जागी थांबल्या. "ही बघा दोरी." आरशात दाखवलं. कातडीखाली काखेपासून कोपराकडे एक दोरा ताणलेला होता, उसवायचा राहिलेल्या टाक्यासारखा. "पुष्कळ जणींना होतं. ही नुसत्या भिंतीने सुटत नाही, हाताने मोकळी करावी लागते. तुम्ही पंधरा दिवसांपूर्वी सांगितलं असतं तर एव्हाना नाचत आला असतात."

"आणि सांगितलंच नाही तर?"

"तर घट्ट होत जाते." त्या हात चोळत राहिल्या. "दुखलं तर ओरडा. खोटं हसू नका, मला दोन्ही ओळखता येतं."

मी ओरडले. फक्त दंडाच्या आतल्या बाजूला मला काही कळत नव्हतं. ऑपरेशनपासून तिथे तळहाताएवढा भाग बधीर आहे; चिमटा काढला तरी दुसऱ्याच्या हाताला काढल्यासारखा. तो बहुधा तसाच राहील, असं त्यांनी सांगितलं. गुरुवारी, शुक्रवारी आणि शनिवारी मी त्यांच्याकडे गेले. शनिवारी काहीतरी आतल्या आत तुटल्याचा बारीक आवाज आला आणि हात एकदम एक वीत पुढे गेला. व्यायामताई म्हणाल्या, "गेली." मी रडत होते, पण ते दुखण्याने होतं असं आम्ही दोघींनी मानलं.

घरी भिंतीवर मी जुन्या खोट्या खुणा खोडल्या आणि रोज एकच लिहिली, खरी. त्या तिन्ही दिवशी निळी रेघ होती. माझ्या खुणेला लागून, बरोबर तिच्या उंचीवर. मी ती पुसली नाही. रविवारी मावशीने खोली झाडताना भिंतीचा तेवढा भाग सोडून दिला.

सोमवारी मात्र भिंतीवर निळं काही नव्हतं. मी खिडकीचा पडदा सारून पाहिलं, दिवा लावून पाहिलं. फक्त पेन्सिल. मावशी दारात तयार होऊन उभी होती. "नाही?" तिने विचारलं. मी मान हलवली. "मग निघूया. उशीर नको," ती म्हणाली.

मापं घ्यायची खोली दवाखान्याच्या तळघरात आहे. थंड, खिडक्या नसलेली, भिंतीएवढ्या जाडीचं दार असलेली. मावशीला बाहेर बसवलं. आत एक तरुण तंत्रज्ञ होती. तिने मला टेबलावर झोपवलं, डावा हात डोक्याच्या वर एका खाचेत ठेवायला सांगितला. हात गेला. जेमतेम, दात आवळून, पण गेला.

"आता पंधरा मिनिटं हलायचं नाही. आधी मशीन मापं घेईल, मग मी येऊन पेनाने खुणा करीन. त्या पुसायच्या नाहीत, उपचार संपेपर्यंत." ती हसली. "शिंप्याकडे आल्यासारखं वाटेल."

"सवय आहे," मी म्हटलं.

ती बाहेर गेली. जाड दार बंद झालं. खोलीत मशीनचा मंद घरघराट आणि मी. दोन मिनिटांत हात थरथरू लागला. आधी बोटं, मग कोपर, मग पूर्ण दंड. खाचेचा आधार मनगटाला होता, मधला सगळा भार अधांतरी. तेरा मिनिटं उरली आहेत, बारा आहेत, असं मोजत होते. हात आता पडणार हे मला दिसत होतं, आणि पडला की पुन्हा तारीख, पुन्हा थांबणं, बाहेर बाकावर मावशी. मी आईला हाक मारली नाही. मारावीशीही वाटली नाही. इतकंच मनात आलं की गाडीत मी जे बोलले ते परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं.

थरथर थांबली.

कमी होत होत थांबली नाही, एकदम थांबली. हाताचा भार नाहीसा झाला. काही स्पर्श जाणवला म्हणावं, तर नाही. मशीन माझ्या भोवती फिरत गेलं, परत आलं. डोकं हलवायचं नव्हतं, त्यामुळे मला फक्त छत दिसत होतं. तेलाचा वास येत होता. आई तिच्या शिवणाच्या मशीनला द्यायची ते तेल. पण मशीन तर दवाखान्यातही होतंच.

दार उघडलं. "अरे वा," तंत्रज्ञ म्हणाली, "पहिल्या वेळी सगळ्यांचा हात हलतो. तुमचा तर जरासुद्धा नाही. कोणी धरून ठेवल्यासारखा."

पेन घेऊन ती वाकली आणि थांबली. "हे काय लागलंय?"

"कुठे?"

"दंडाला, आतून. निळं काहीतरी. मगाशी नव्हतं." तिने दिवा जवळ ओढला. "चार पट्टे इकडे आणि एक पलीकडे. भुकटी आहे. कपड्याचा रंग जातो का तुमच्या?"

मी मान वळवून पाहू शकत नव्हते. माझा झगा पांढरा होता, दवाखान्याचा.

"पुसते हं," ती म्हणाली. "नाहीतर माझ्या खुणांमध्ये गोंधळ होईल."

शिवण पूर्ण झाली की आई कपडा उचलून खिडकीशी न्यायची आणि खडू झटकायची. गिऱ्हाइकाच्या हातात जाताना त्यावर खूण राहिलेली तिला चालायची नाही.

"पुसा," मी म्हटलं.

ओला कापूस तिने दंडावरून फिरवला, एकदा, दोनदा, मग नवा बोळा घेऊन पुन्हा. निळा झालेला कापूस माझ्या नजरेसमोरून ट्रेमध्ये गेला.

"जोरात घासलं का? दुखलं?"

"नाही," मी म्हटलं. "तिथे मला कळत नाही."